तुळसाकाकूचं एरंडेल

आमच्या भोसरीच्या चाळीसमोर एकच झाड आहे, कडुनिंबाचं. बाकी सगळी पत्र्याची शेड आणि धुराडी. चैत्र सरता सरता ते झाड फुलतं आणि सकाळी पहिल्या शिफ्टला निघालेल्या लोकांच्या डोक्यावर, सायकलींच्या सीटवर बारीक पांढरी फुलं पडलेली असतात. त्या वासाने इतरांना बरं वाटतं. मला तोंडात कडू चव येते आणि कुणीतरी आपल्याकडे बघतंय असं वाटायला लागतं.

यंदा माझ्या मुलीचं, नंदाचं, लग्न आहे. वैशाखातलं. केळवणांची निमंत्रणं येऊ लागली आहेत आणि बायकोने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने नावं लिहून ठेवली आहेत. पहिल्या केळवणाच्या आधी एकदा नंदा आरशासमोर उभी होती. गाल फुगवून म्हणाली, "बाबा, मी जाड दिसते का हो?"

"नाही नाही, मुळीच नाही," मी म्हणालो. इतक्या घाईने, की ती हसायलाच लागली. "अहो, सहज विचारलं."

तिला तेव्हा काय सांगणार होतो, की अठरा वर्षांपूर्वी याच दिवसांत, लग्न ठरलेल्या एका मुलीच्या तोंडाकडे बघून मी काय करून बसलो होतो.

छपन्न सालच्या आसपासची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. पिंपरीला नवीनच निघालेल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होतो. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे लिहायचं काम. राहायला चिंचवडला एक खोली. शनिवारी दुपारी सुटलो की सायकल मारत गावी जायचो. तेव्हा भोसरी म्हणजे एक गाव होतं, विहिरीवर मोटा चालायच्या. पुढे मोशी, मग इंद्रायणीचा पूल, दोन्ही बाजूंना बाभळी, आणि चाकण जवळ आलं की वाऱ्यावर कांद्याचा वास. तिथून दोन कोसांवर, भामा नदीच्या काठी आमचं गाव. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली, घरी आई आणि धाकटी बहीण शेवंता. वडील लवकर गेले, त्यामुळे घरातला कर्ता मी, आणि कर्तेपणाची हौसही मला जरा जास्तच.

त्या वर्षी माझं पोट फार बिघडलं होतं. कँटीनची भजी, दिवसातून आठ कप चहा. आंबट ढेकर, सदा डोकं जड. चिंचवडला शेजारच्या गल्लीत एक निवृत्त मास्तर राहायचे, निसर्गोपचारवाले. त्यांनी मला हाताशी धरलं. तीन दिवस नुसतं लिंबूपाणी, मग ताक, फळं आणि मीठ न घातलेल्या उकडलेल्या भाज्या. पहाटे कडुनिंबाचा रस, पोटावर ओल्या मातीची पट्टी, थंड पाण्यात कंबरेपर्यंत बसून कटिस्नान. मी कारखान्यातून रजा काढली आणि खोलीत पडून राहिलो. चौथ्या दिवशी सकाळी जाग आली ती भुकेने. खरी भूक काय असते ते मला त्या दिवशी कळलं. पेरूची एक फोड खाल्ली आणि डोळ्यांत पाणी आलं. महिन्याभरात मी दुसराच माणूस झालो. हे खोटं नाही. आजही मी सकाळी कोमट पाणीच पितो, चहा सोडला तो सोडलाच.

मास्तरांनी एक गोष्ट सांगितली होती. "हे आपल्या देहापुरतं ठेवा. दुसऱ्यावर लादू नका. प्रत्येकाचं शरीर वेगळं, काम वेगळं." मी मान डोलावली होती. पण बरं झालेल्या माणसाला गप्प बसवत नाही.

आमच्या गावाला शरीरशुद्धी नवी नव्हती. ती तुळसाकाकूच्या हातात होती. काकू म्हणजे आमच्या शेजारच्या घाण्यावरची. नवरा बैलघाण्यावर करडईचं तेल काढायचा आणि ही घरात एरंडेल. एरंडाच्या बिया भाजायच्या, उखळात कुटायच्या, मोठ्या पातेल्यात पाणी घालून उकळायच्या आणि वर आलेला तवंग पळीने हलक्या हाताने काढून घ्यायचा. तो वास आमच्या अख्ख्या आळीला यायचा. दसरा झाला की एका रविवारी सकाळी आळीतली सगळी पोरं काकूच्या ओट्यावर ओळीने बसायची. काकू एका हाताने नाक दाबणार, दुसऱ्या हाताने पळी तोंडात.

"गिळ! गिळ मेल्या, थुकशील तर दुप्पट देईन!"

मग तळहातावर गुळाचा खडा. तो खडा चोखत आम्ही घरी पळायचो आणि दिवसभर परसाकडे धावायचो. संध्याकाळी काकू घरोघर फिरून विचारायची, "किती येळा झालं रं?" मोठ्या आवाजात, चारचौघांत. मग रात्रीला मऊ भात आणि तूप. काकूचं तेच एक शास्त्र होतं. पोट धुवायचं आणि लगेच मायेनं भरायचं.

शेवंता जन्मली तेव्हा आई विषमज्वराने दोन महिने अंथरुणावर होती. काकूचा धाकटा तेव्हा अंगावर पीत होता. एका बाजूला तो, एका बाजूला शेवंता, असं काकूने तिला वाढवलं. त्यामुळे शेवंताला हाक मारायला दोन उंबरे होते आणि ती कुठल्या उंबऱ्याआड जेवली याची कुणी चौकशी करत नसे.

शेवंताचं लग्न तळवड्याच्या मुलाशी ठरलं. मुलाचा थोरला भाऊ माझ्याच कारखान्यात होता, त्याच्यामुळेच जमलं. बघायला आली ती सात-आठ माणसं. मुलगी पसंत पडली. पानसुपारी झाली. निघताना मुलाची मावशी बैलगाडीत बसता बसता त्या भावाला म्हणाली, "पोरगी झ्याक हाय, पण तोंडावर पुटकुळ्या किती! लग्नात हळद तरी बसंल का?" आणि तो हसला. मी गाडीच्या मागेच उभा होतो. त्यांना ते माहीत नव्हतं.

एवढंच. एका बाईचं एक वाक्य. पण सोमवारी कारखान्यात तो भाऊ समोर आला, "काय पाव्हणं!" म्हणाला, आणि मला त्याच्या हसण्यात तेच वाक्य ऐकू आलं. मला शेवंताची लाज वाटली. तेच खरं आहे. ज्या बहिणीला मी खांद्यावर बसवून नदीवर नेलं, तिच्या तोंडाची मला लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मी घरी जाहीर केलं, की लग्नाआधी शेवंताची एकवीस दिवस शुद्धी करायची. मावशीचं वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते असं, की लग्नानंतर संसाराचा भार पडतो, शरीर निर्मळ हवं.

"दादा, मला काय झालंय?" शेवंता म्हणाली.

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून."

"बरं," ती म्हणाली. मी सांगितलेलं तिने कधी मोडलं नव्हतं.

ते दिवस आठवले की अजून हसू येतं, आणि लगेच ते मावळतं. पहाटे कडुनिंबाची कोवळी पानं वाटून रस काढायला मी आईला शिकवलं होतं. तो पिताना शेवंता एक डोळा मिटायची आणि दुसऱ्याने माझ्याकडे रागाने बघायची. नदीकाठची काळी माती चाळून, भिजवून तिच्या तोंडाला लावायची. माती वाळली की तिला बोलता यायचं नाही आणि आईला नेमकी तेव्हाच तिला काहीतरी विचारायची हुक्की यायची. आई जात्यावर मसूर, आंबेहळद, वाळा, नागरमोथा दळायची. उटण्याचा तो वास सगळ्या घरभर, अंथरुणात, धान्याच्या कणगीतसुद्धा शिरला होता. चहा बंद, मिरची बंद, मीठ बंद, भाकरी बंद. पंधराव्या दिवशी, रविवारी, बघतो तर तिच्या पुटकुळ्या खरंच गेल्या होत्या. मी आईला म्हणालो, "बघ!" आई म्हणाली, "बघते. पोरीच्या गळ्याची हाडं बी दिसाया लागली."

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. मी उपास केला तेव्हा रजा काढून खोलीत पडलो होतो. शेवंताला कसली रजा? कांदा निघाला होता. ती लिंबूपाण्यावर दिवसभर उन्हात बसून पात कापत होती. आणि मी फक्त शनिवार-रविवार गावी.

आणि केळवणं. आमच्याकडे लग्न ठरलेल्या मुलीला भावकीतली, आळीतली माणसं एकेक दिवस जेवायला बोलावतात. मुलगी या गावची लेक म्हणून त्या घरात जेवते ती ते शेवटचं. मी प्रत्येक घरी गेलो आणि हात जोडून नाही म्हणालो. लोक हसले. कुणी म्हणालं, "कारखान्यात गेल्यापासून दत्तू सायेब झाला." कुणी शेवंताला खण-नारळ देऊन मोकळे झाले. राहता राहिली तुळसाकाकू.

मी गेलो तेव्हा ती ओट्यावर पाटावर शेवया वळत होती. दोरीवर वाळत घातलेल्या शेवया केसासारख्या बारीक. आत शिंक्यावर तुपाची बरणी होती. महिनाभर साय जमवली होती म्हणे.

"काकू, शेवंताला नाही जमायचं. शुद्धी चालली आहे."

"माहीत हाय. आमी बी एरंडेल देतोच की. पर येक दिस."

"हे तसं नाही. मध्ये खाल्लं तर सगळं वाया जाईल."

"आरं, घासभर. तिला येऊ दे तरी."

"लग्न झाल्यावर माहेरी आली की पहिली तुझ्याकडे पाठवतो. मग घाल पोटभर."

काकूचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "तवा ती तळवड्याची आसंल, दत्तू. पाव्हणी." मग वळलेली शेवई दोरीवर टाकत, "भांडं घासतो ते पालथं घालून ठेवाया व्हय रं? त्यात कायतरी शिजवायचं असतं म्हणून घासतो."

मी हसलो. अडाणी बाईचं बोलणं म्हणून हसलो. काकूने शेवया गोळा करून डब्यात भरल्या आणि मी उतरून घरी आलो.

हळदीचा दिवस उजाडला. तळवड्याची मंडळी जानवसघरात उतरली होती. मुलाची उष्टी हळद घेऊन त्यांच्या बायका मांडवात आल्या, पुढे तीच मावशी. शेवंता पाटावर बसली. तोंड इतकं नितळ, की मावशी थबकून बघत राहिली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! तो भाऊ कुठे उभा आहे ते मी वळून बघितलं. तेवढ्यात बायका ओरडल्या. शेवंता पाटावरून कलंडली होती. डोळे अर्धे मिटलेले, ओठ पांढरे, दातखीळ बसलेली.

पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. ती शुद्धीवर आली. पण तोवर मावशीचा आवाज मांडवभर गेला होता, "फेफरं हाय पोरीला! लपवून ठेवलं आमच्यापासनं!"

वाजंत्री बंद पडली. शेवंताचे होणारे सासरे, आबा, जानवसघरातून आले. धिप्पाड माणूस, पण आवाज शांत. मला म्हणाले, "पाव्हणं, खरं काय ते सांगा. रोग असंल तर आत्ताच सांगा. अजून अक्षता पडल्या न्हाईत."

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. शेजारी त्यांचा थोरला मुलगा, माझ्या कारखान्यातला. मला एकच वाक्य बोलायचं होतं: मी तिला उपाशी ठेवलं. पण मग त्यांनी विचारलं असतं, का? मी मनाशी म्हणालो, ते कारण शेवंताच्या कानावर पडलं तर तिला काय वाटेल. हे मी स्वतःला सांगितलेलं. खरं तर कारखान्यात उद्या माझी काय फजिती होईल, तेवढंच डोळ्यांसमोर होतं. आई रडायला लागली. आबांनी मुलाकडे बघितलं. लग्न मोडतंय हे मला दिसत होतं आणि मी उभा होतो.

"आबा, माजी चूक हाय."

तुळसाकाकू बायकांच्या घोळक्यातून पुढे आली. पदर डोक्यावर ओढून घेतलेला. "पोरीला फेफरं-बिफरं काय न्हाई. काल मी एरंडेल पाजलं तिला, लग्नाच्या आधी देतो आमी. पळीभर जादा पडलं. सोसलं न्हाई पोरीला."

आबा तिच्याकडे वळले. "किती येळा झालं?"

"मोजलं न्हाई. परसाकडची वाट झिजली."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आबाच हसले, पोट धरून. "आरं, लगीन घटकेवर आन् नवरीला जुलाब! वाजवा रं, वाजवा!" मावशीही हसली. "घाणावाल्या बाई, तुमचं त्याल लई जालीम हाय बघा. आमच्या गावात नका आणू." काकूही सगळ्यांबरोबर हसली. मी हसलो, तेही सगळ्यात मोठ्याने.

काकूने शेवंताला आत नेलं. गूळपाणी दिलं, मग तांदळाची पेज, वर त्या बरणीतलं तूप. मी दारातून बघितलं. एकेक घास ती भरवत होती आणि शेवंता रडत रडत गिळत होती. माझ्याकडे दोघींनी बघितलं नाही.

लग्न झालं. उत्तम झालं. शेवंताला चांगलं घर मिळालं, आबांनी तिला लेकीसारखं वागवलं. पण ती गोष्ट सुटली ती सुटलीच. तळवड्यात कुणाचंही लग्न निघालं की कुणीतरी म्हणायचं, "नवरीला तुळसाकाकूचं एरंडेल पाजू नका हो!" आमच्या गावातही गवगवा झाला. त्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मी गावी होतो. काकू सकाळपासून ओट्यावर बसली होती, पळी, वाटी, गुळाचे खडे मांडून. पोरं आली चार-पाच. बाकीच्यांच्या आयांनी पाठवली नाहीत. ऊन ओट्यावर चढेपर्यंत ती बसून राहिली. मग उरलेला गूळ तिने ओच्यात घेतला आणि जाता जाता एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

तेव्हाच तिच्याकडे जायला हवं होतं मी. गेलो दोन वर्षांनी. म्हणालो, "काकू, तळवड्याला जाऊन खरं काय ते सांगून येतो."

"आन् मी खोटी पडू व्हय? ऱ्हाऊ दे. माजं काय जातंय."

तिने असं म्हणावं याचीच मी वाट बघत होतो. तिचा शब्द मानला अशी समजूत करून घेतली आणि परत आलो. पुढे चाकणला दवाखाना झाला, औषधाच्या बाटल्या आल्या, घाणाही थांबला. काकू तीन वर्षांपूर्वी गेली.

गेल्या रविवारी नंदाचं पहिलं केळवण शेवंताकडे होतं. तळवड्याचं ते घर आता भरलेलं आहे, मुलं, सुना, नातवंडं. मावशी केव्हाच वारली. आबा ऐंशीच्या घरातले, पण पंगतीत बसतात. शेवंता शेवयांची खीर वाढत होती. आबा नंदाला म्हणाले, "पोरी, एरंडेल-बिरंडेल न्हाई ना घेतलं? तुझ्या आत्याला एका काकूनं..." आणि सगळं पुन्हा सुरू झालं. पोरंही हसली, त्यांना गोष्ट पाठ होती. मीही सवयीने हसायला लागलो.

तेवढ्यात माझं लक्ष शेवंताकडे गेलं. ती हसत नव्हती. पळी हातात धरून उभी होती. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा मला ते सुचलं, जे कुठल्याही शहाण्या माणसाला त्याच दिवशी सुचलं असतं. एरंडेल प्यायलं नव्हतं हे तिला ठाऊक होतंच की. उपाशी तीच होती. दर वेळी ही गोष्ट तिच्यासमोर सांगितली गेली आणि दर वेळी ती गप्प राहिली.

"आबा," मी म्हणालो, "काकूनं तिला एरंडेल दिलंच नव्हतं."

पंगत थांबली. मी सगळं सांगितलं. उपास, उन्हातला कांदा, काकूच्या दारात दिलेला नकार. आणि मावशीचं ते वाक्यही, आणि मला वाटलेली लाज. नंदा माझ्याकडे बघत होती. तिच्याकडे बघायचा धीर झाला नाही.

शेवंताचा हात गालाकडे गेला. "पुटकुळ्यांसाठी?" ती म्हणाली. "दादा, एवढ्यासाठी? मला वाटलं, खरंच काही रोग असंल माझ्या पोटात, तू सांगत नसशील. कितीतरी वर्षं भ्यायचे मी."

हे मला माहीत नव्हतं. काकूचं नाव गेलं एवढंच ओझं मी मोजत होतो.

आबांनी तिला विचारलं, "तुला ठाऊक होतं, मग बोलली का न्हाईस?"

"काकूनं शपथ घातली होती. म्हणाली, बाप न्हाई तुला, माहेराला ह्यो येकच भाऊ हाय. त्याची मान खाली घालू नगंस."

आबांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "आमी त्या बाईला किती हसलो." नातवंडांकडे वळले. "ऐका रं. ती गोष्ट आता तशी सांगायची न्हाई." आणि मला म्हणाले, "पुन्ना सांग. पयल्यापासनं सांग. पोरास्नी नीट कळू दे, कोण कसं होतं ते."

पोरं सरकून जवळ बसली. शेवंता पहिल्यांदाच पंगतीत, माझ्यासमोर, खाली बसली. मी पाण्याचा घोट घेतला आणि या वेळी माझ्यापासून सुरुवात केली.